शेवटचा रकाना

आत्याच्या ट्रंकेत तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूखाली, एक सरकारी रजिस्टर आहे. जाड पुठ्ठ्याचं, पाठीवर लाल कापडाची पट्टी. पानांवर छापील रकाने आहेत: अनुक्रमांक, बाईचं नाव, गाव, कितवं बाळंतपण, तारीख, मुलगा की मुलगी, वजन, शेरा. शेऱ्याच्या पलीकडे दोन बोटं जागा उरते. तिथे आत्याने पट्टी धरून पेन्सिलीने आणखी एक उभी रेघ ओढली आहे आणि त्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘पुढे काय झालं’.

हा रकाना सरकारने मागितला नव्हता. तो भरला म्हणून तिला कुणी शाबासकी दिली नाही आणि भरला नसता तर कुणी जाब विचारला नसता. तरी पानामागून पान तो भरलेला आहे. ‘बाळ बरं.’ ‘बाई माहेरी गेली, तलासरीकडे.’ ‘दहाव्या दिवशी ताप, डहाणूला पाठवली, बरी होऊन आली.’ काही ठिकाणी नुसती फुली. फुलीपुढे ती काही लिहीत नसे.

आत्या आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. कल्याणच्या पारनाक्याजवळचा आमचा वाडा पाडला गेला तेव्हापासून ती डोंबिवलीला माझ्याकडे राहते. १९६१ साली एएनएमचा कोर्स पुरा करून ती नर्सबाई झाली. आमच्या घराण्यात पगाराच्या पावतीवर सही करणारी ती पहिली बाई. माझी धाकटी लेक आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. या दोघींच्या मध्ये मी, आणि आमच्या सगळ्यांच्या मागे आजी, जिच्या गोष्टींवर आम्ही वाढलो.

आजी गोष्टी सांगायची त्या तांदूळ निवडताना. सूप मांडीवर, नजर दाण्यांवर, आणि आवाज असा सपाट की भयंकर गोष्टसुद्धा खडा वेचून टाकावा तशी बाजूला पडायची. तिच्या सासूची, म्हणजे माझ्या पणजीची, एक गोष्ट तिने मला किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. साल १८९७. पणजी तेव्हा बारा वर्षांची, गिरगावातल्या चाळीत राहणारी. मुंबईत गाठीचा प्लेग पसरला तसे लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडत होते. हे कुटुंब कल्याणच्या नातेवाइकांकडे निघालं. मुंबईहून येणाऱ्या गाड्या कल्याणला थांबवून उतारूंची तपासणी होत असे. कल्याण म्हणजे जंक्शन, इथून एक फाटा पुण्याकडे जातो आणि एक नाशिककडे. रोगाला वाटेत अडवायचं तर ते इथेच, असा सरकारचा हिशेब होता.

फलाटावर रांगा लावलेल्या. काखेत आणि जांघेत गाठ लागते का ते दाबून बघायचं. बायकांसाठी कनात बांधली होती, असं पणजी सांगे. रांगेत तिच्या पुढे एक बाई होती, कडेवर मूल. बाईचं अंग तापलेलं निघालं. तिला बाजूला नेलं आणि मूल दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात राहिलं. पणजी तपासून सुटली, घरी पोचली, त्या घरात पुढे तिचं लग्न ठरलं, पाच मुलं झाली, नातवंडं झाली. पण म्हातारपणी दुपारी पडल्या पडल्या ती मधेच विचारायची, ‘त्या बाईचं पुढे काय झालं असेल गं?’

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी १ मे रोजी ती कल्याणला पोचली. ज्या रुळांनी हा सगळा मुलूख मुंबईला जोडला, त्याच रुळांवरून प्लेगही आला. तिकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत वाल्देमार हाफकिन लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना ती टोचली गेली, काहींना नाही, आणि दोन्हींकडे किती आजारी पडले, किती दगावले याची मोजदाद झाली. मला ही मोजदाद लशीइतकीच मोठी वाटते. टोचून निघून जाणं सोपं असतं. टोचल्यावर कोण जगलं ते पाहायला थांबणं, आणि जे दिसलं ते लिहून ठेवणं, इथून खरं संशोधन सुरू होतं. कल्याणच्या फलाटावर असं थांबलेलं पणजीला तरी कुणी दिसलं नाही.

आजीच्या तोंडी दुसरं नाव हमखास यायचं ते आनंदीबाईंचं. ‘आपल्या पारनाक्याची पोर,’ असं ती म्हणायची, जणू काल-परवापर्यंत ती समोरच्या ओट्यावर सागरगोटे खेळत होती. माहेरची यमुना, कल्याणच्या जोश्यांची, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजात तिने भरसभेत सांगितलं की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि म्हणून मी अमेरिकेला जाते आहे. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक. आणि ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता.

तिच्या प्रबंधाचा विषय मात्र फारसा कुणी सांगत नाही. पदवीसाठी तिने लिहिलं ते हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर. फिलाडेल्फियात शिकायला गेलेल्या मुलीला कितीतरी विषय निवडता आले असते, एखादा नवा, तिथल्या प्राध्यापकांना चकित करणारा. तिने आपल्या घरातली बाळंतिणीची खोली निवडली. जुन्या संस्कृत ग्रंथांत गर्भवतीची, बाळंतिणीची, नवजात बाळाची काळजी कशी सांगितली आहे, हे तिने नव्या वैद्यकाच्या बाकावर बसून मांडलं. त्या पानांमागे दहा दिवसांचं एक मूल आहे, असं मला वाटतं. त्या मुलाला काय झालं होतं, हे कल्याणात किंवा कुठेही, कुठल्याच वहीत लिहिलेलं नसणार. प्लेगच्या साली ती असती तर बत्तीस वर्षांची झाली असती, आणि कनातीच्या आत तपासायला कदाचित तीच उभी असती. पणजीच्या गोष्टीत मी तिला नेहमी तिथे उभी करते.

आजीचं पहिलं मूलही असंच गेलं. १९३० च्या आसपास, वाड्याच्या माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत. खाडीकडच्या वस्तीतून येणारी सुईणबाई मोठी जाणती होती. अख्ख्या आळीची बाळंतपणं तिच्या हातची. नाळ तांब्याच्या पैशावर धरून विळ्याने कापली, वर राख आणि हळद दाबली. पाचवीची पूजा झाली, पाट्यावर वरवंटा मांडला, सटवाईसाठी कोरा कागद आणि बोरू ठेवला. सातव्या दिवशी बाळाने दूध ओढायचं सोडलं. जबडा उघडेना. मग अंग धनुष्यासारखं मागे वाकायला लागलं. नवव्या दिवशी ते गेलं. सटवाईने कपाळी एवढंच लिहिलं होतं, असं आजीला सांगितलं गेलं आणि तिने ते मान्य केलं.

आत्या त्यानंतर दहा वर्षांनी जन्माला आली. एकोणीस वर्षांची असताना ट्रेनिंगच्या वर्गात, पंख्याखाली, वीसेक मुलींबरोबर ती नवजात बाळाच्या धनुर्वातावरचा पाठ ऐकत होती. मातीत आणि शेणात असणारे जंतू न उकळलेल्या हत्यारातून, राखेतून नाळेच्या जखमेत शिरतात. काही दिवस काही दिसत नाही. मग बाळ दूध ओढायचं थांबतं, जबडा घट्ट मिटतो, अंग कमानीसारखं वाकतं. ट्यूटरबाई लक्षणं फळ्यावर लिहीत गेल्या आणि आत्या ती वहीत उतरवत गेली. तिसरं लक्षण लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपण आपल्या थोरल्या भावाबद्दल लिहितो आहोत.

घरी येऊन हे आईला सांगायचं तिला धैर्य झालं नाही. सांगितलं ते बारा वर्षांनी, एका सुट्टीत, स्वयंपाकघरात. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे सटवाईकडे बोट नको दाखवायला.’ आणि थोड्या वेळाने, ‘सुईणबाईकडेही नको. तिला कुणी शिकवलंच नव्हतं.’

आरोग्यसेवा सुधारायची म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचलं आहे. आजीच्या या दोन वाक्यांच्या पुढे मला फारसं जाता आलेलं नाही. दहा-बारा शब्दांत तिने नशीब बाजूला केलं, दोष बाजूला केला आणि बोट नेमक्या जागी ठेवलं. सुईणबाईच्या हातात कसब होतं, धीर होता, आळीचा विश्वास होता. विळा उकळायला हवा, हे सांगणारं माणूस तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि नवव्या दिवशी बाळ गेलं हे तिला कळलं तरी ते विळ्यामुळे गेलं हे कळायला वाट नव्हती, कारण अशा दहा घरांची हकिगत कुणी शेजारी शेजारी मांडून पाहिली नव्हती. पुढे देशभर सुईणींची प्रशिक्षणं झाली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ ही पाच बोटांवर मोजायची पंचसूत्री त्यांना शिकवली गेली, गर्भवतींना धनुर्वाताची लस मिळू लागली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर केलं. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली तेव्हा तिने पेपर हातात घेतला आणि पुन्हा स्वतः वाचला.

आत्याची नोकरी डहाणू तालुक्यात. आज तो पालघर जिल्हा म्हणायचा, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो आमचाच, ठाणे जिल्हा. १९४६ साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला, वैद्यकीय विद्यार्थ्याने रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य तीन महिने शिकावं असं सुचवलं, आणि पुढच्या काळात गावोगावी जी केंद्रं, उपकेंद्रं उभी राहिली त्यांतल्या एका कौलारू खोलीत आमची आत्या जाऊन पोचली. पांढरी साडी, पत्र्याची पेटी, आणि हेच रजिस्टर.

वारली पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. पावसाळ्यात ओढे भरले की पलीकडच्या पाड्याचं तोंड दोन-दोन आठवडे दिसायचं नाही. बायका उपकेंद्रात यायच्या नाहीत, आत्याच चालत जायची. पहिली काही वर्षं तिला वाटायचं, या अडाणी आहेत, समजावून दमायला होतं. हे ती आज सांगते तेव्हा तिचा आवाज खाली येतो. ‘मी कल्याणची, वाड्यातली. त्यांच्या घरात वाकून शिरावं लागतं. मी दारातूनच बोलायची.’

मग सत्तरच्या दशकात कासा प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रकल्प सुरू झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या बालरोग विभागातले डॉ. पी. एम. शहा यांच्या पुढाकाराचा, आई आणि मूल यांचं आरोग्य आणि पोषण एकत्र पाहणारा. त्यात पाड्यावरच्याच बायका निवडल्या, काही इयत्ता शिकलेल्या, काही तर जेमतेम अक्षरओळख असलेल्या. थोड्या मानधनावर, दिवसातले काही तास काम. घरोघर जायचं, पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं करायची, कार्डावर ठिपका काढायचा, ठिपका खाली सरकला तर त्या घरी पुन्हा जायचं, जुलाब, खोकला, ताप यांवर साधा उपाय करायचा, जमणार नाही ते केंद्राकडे पाठवायचं.

ते कार्ड म्हणजे डेव्हिड मोर्ले या इंग्रज डॉक्टरांची कल्पना. नायजेरियातल्या इमेसी गावात काम करताना त्यांनी मुलाच्या वजनाचा आलेख एका जाड कागदावर आणला आणि हा कागद दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईकडे द्यायचा असा आग्रह धरला. कासाच्या पाड्यांवर कारवीच्या कुडात खोचलेली अशी कार्डं आत्याने पाहिली, धुराने पिवळी पडलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. अक्षर न येणारी आई बोटाने रेघ दाखवायची: इथवर चढला, इथे गोवर आला तेव्हा उतरला, आता पुन्हा चढतो आहे. रेघ वाचायला शाळा लागत नाही.

आत्याला सुरुवातीला याचा राग आला होता. दोन वर्षं ट्रेनिंग मी घेतलं आणि आता चौथी पास बाईने मला सांगायचं, कुठलं मूल खंगतं आहे? पण त्या चौथी पास बाईला ते आधी कळायचं, कारण ती त्याच विहिरीवर पाणी भरायची. एका दुपारी वजनं उरकून आत्या काटा पेटीत ठेवत होती, तेव्हा त्यांतलीच एक जण म्हणाली, ‘बाई, तुम्ही लिहून नेता. मग पोराचं काय झालं ते आमाला कदी कलतं?’

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात पेन्सिलीची रेघ ओढली गेली.

कासाच्या कामाबद्दल ठाण्या-कल्याणच्या लोकांना फार कमी माहिती आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, जिची अंगणवाडी आज आमच्या डोंबिवलीच्या प्रत्येक वस्तीत आहे. त्याच काळात आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला, घरोघरी जाऊन वजन करणारी पाड्यावरची बाई काय करू शकते, हे करून आणि मोजून दाखवलं जात होतं. हेच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून शिकत होते. त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सबाया गावात ठेवून पाहिल्या आणि त्या बाहेरच्या पडतात हे ओळखून गावातल्याच बाया निवडल्या. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती जराही दुखावली नाही. ‘खरं आहे,’ म्हणाली, ‘मी बाहेरचीच होते. पण त्या बायांना शिकवायला तर मीच लागले ना.’

तिच्या उत्तरातला दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. शिकवणारीलाही पुन्हा शिकावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत बायांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा आधी त्यांना स्वतःला विचारावं लागलं की डॉक्टर जे करतो त्यातलं नेमकं किती, आणि कशाच्या आधारे, एका गावातल्या बाईला करता येईल. न्यूमोनियासाठी बाळाचे श्वास मोजायचे. पन्नास-साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीने ते कसे मोजायचे? एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया. नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातच नोंदला जात होता, म्हणून तो आकडा मांडता आला. २०११ पासून देशभरच्या आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा वेळा जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सातव्या दिवशी कुणीतरी घरी येतं, ही गोष्ट आजीला ऐकवता आली असती तर!

जंगल-डोंगरातलं असं आपल्याला कळतं तरी. स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसांचं काय होतं, हे शोधणं त्याहून अवघड आहे. इथे दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत, रिक्षा आहेत, आणि तरी बाई मधेच हरवते.

१९९४ च्या पावसाळ्यात माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या. आठवा महिना. रात्री साडेअकराला ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे नेलं. तिथे सांगण्यात आलं, ‘इथे होणार नाही, वरती न्या.’ वरती म्हणजे कुठे, हे दादाने दोनदा विचारलं. एका कागदाच्या कपट्यावर तीन शब्द लिहून मिळाले, तेही कुणाच्या नावे नव्हते. पावसात रिक्षा शीळफाट्याकडून निघाली. मुंब्र्याच्या अलीकडे वहिनी म्हणाली, ‘थांबवा.’ माझ्या भाच्याचा जन्म रिक्षात झाला, माझ्या आईच्या हातांवर. माझी आई शिकलेली नव्हती, पण तिने नणंदेचं, म्हणजे आत्याचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. तिने नाळेला हात लावला नाही. बाळाला पुसून वहिनीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पदर, वरून दादाचा शर्ट, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, चल. पुढच्या रुग्णालयात नाळ कापली गेली.

भाचा आज तिशीत आहे, नवी मुंबईत नोकरीला जातो. पण जिथून आम्हाला पाठवलं, तिथून कुणीही, कधीही विचारलं नाही की ती बाई पोचली का. त्यांच्या रजिस्टरात शेवटचा शब्द ‘पाठवली’ असा असणार. त्या शब्दाच्या पलीकडे आम्ही चौघं पावसात होतो. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

म्हणून ‘स्नेहा’ या संस्थेचं काम मी आस्थेने वाचत आले. सायनच्या रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दूधबँक १९८९ साली उभी करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली ही संस्था सुरू केली. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात बायकांचे गट महिन्यातून एकदा जमून आपल्या बाळंतपणांविषयी बोलू लागले आणि नवजातांचे मृत्यू तीसेक टक्क्यांनी घटले, असं २००४ मध्ये दिसलं होतं. मुंबईच्या वस्त्यांत हे चालेल का? ४८ वस्त्या घेतल्या. निम्म्यांत गट केले, निम्म्यांत नाही, आणि वस्तीतल्याच बायकांच्या मदतीने जन्म-मृत्यू नोंदले. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: अपेक्षा होती तसा फरक पडलेला नाही. हे त्यांनी लपवलं नाही. वर्षानुवर्षं खपून, माणसं जोडून, ‘आम्हाला वाटलं तसं झालं नाही’ हे जगापुढे छापणं, याला मी मोठं काम म्हणते. शहरातली बाई दवाखान्यापर्यंत बहुधा पोचतेच, पोचल्यावर तिचं काय होतं आणि तिथून पुढे ती कशी जाते, हा इथला गाठीचा प्रश्न आहे. पुढे या संस्थेने ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकांच्या आरोग्य विभागांबरोबर नेमकं तेच हाती घेतलं: कुठल्या बाईला कुठे पाठवायचं, तिच्यासोबत काय लिहून द्यायचं, पुढच्या दवाखान्याला आधी कसं कळवायचं. वाचताना मला मुंब्र्याच्या अलीकडचा तो अंधार आठवत होता.

लेकीचं शिक्षण मी जवळून बघते आहे. गेल्या वर्षी तिचं एक पोस्टिंग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होतं. १९०१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय. आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की मोठी माणसं म्हणायची, ‘ठाण्याला पाठवावं लागेल.’ अख्ख्या शहराचं नाव आम्ही असं वापरलं. लेक पहिल्या दिवशी घाबरत गेली आणि आठवडाभरात वेगळीच होऊन आली. बऱ्या झालेल्या, पण न्यायला कुणी न आलेल्या बायकांबद्दल ती बोलत होती. जेवण तसंच पडलं होतं. आत्याने एवढंच विचारलं, ‘त्यांच्या घरी कुणी जाऊन आलं का?’

डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांनाही आता पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात, पुढची वर्षं त्याच घरांत पुन्हा पुन्हा जावं लागतं. हा नियम २०२२ मध्ये आला. कागदावर तो उरकलाही जाईल, अशी भीती मला आहे. पण एखादी मुलगी, एखादा मुलगा तिसऱ्यांदा त्याच उंबऱ्यात उभा राहील, तेव्हा मागच्या वेळी सांगितलेलं औषध त्या म्हातारीने का घेतलं नाही हे त्याला तिच्या तोंडून कळेल. पुस्तकात ते कुठून असणार?

गेल्या मंगळवारी लेक रात्री उशिरा आली. लेबर रूममध्ये पोस्टिंग. पाय दुखत होते, बोलायचं नव्हतं. तरी आत्या जागी होती म्हणून तिच्या पलंगावर बसली आणि एका बाईबद्दल सांगू लागली. बीपी फार वाढलं, पायांवर सूज, वेळेआधीच कळा. त्यांच्याकडे सोय नव्हती म्हणून संध्याकाळी दुसरीकडे पाठवली. अॅम्ब्युलन्स मिळाली, सोबत कागद नीट भरून दिले, लेकीने स्वतः भरले.

‘पोचली का?’ आत्याने विचारलं.

‘माझी ड्यूटी तोवर संपली होती, आत्याआजी.’

आत्या काही बोलली नाही. तिने उशीखालची किल्ली काढली. मी ट्रंक उघडली, लेकीने रजिस्टर दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ शेवटचा रकाना वाचत राहिली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती.

बुधवारी सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाली. दुपारी तिचा फोन आला, तो मला नव्हता, आत्याला होता. सिस्टर इनचार्जना विचारून तिने पुढच्या रुग्णालयात चौकशी केली होती. बाई पोचली होती. काल रात्री उशिरा मुलगी झाली. दोन किलो शंभर. दोघी बऱ्या आहेत.

आत्याने फोन माझ्याकडे दिला आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

‘विचार तिला,’ मला म्हणाली, ‘सातवा दिवस मंगळवारी येतो. त्या दिवशी घरी कोण जाणार आहे?’